निकाल लागेतोवर

‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकतो. जे समोर दिसतंय त्याला पुरावा मागू नये, एवढाच तिचा अर्थ. पण या म्हणीनं दोन गोष्टी गृहीत धरल्यात. बघणाऱ्याला काकण हे काकण म्हणून ओळखता येतं, आणि ते तुमचंच आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. ही दोन्ही गृहीतकं जिथे चालत नाहीत, अशा जागी मी सध्या राहते.

जागा न्यू जर्सीत आहे. माझं लग्न साताऱ्यात झालं, नवरा अमेरिकेचा नागरिक. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तुम्ही तिथे कायम राहायला गेलात आणि त्या वेळी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसली, तर तुम्हाला मिळणारं ग्रीन कार्ड दहा वर्षांचं नसतं, दोन वर्षांचं असतं. तुम्ही ‘सशर्त’ कायम रहिवासी असता. ‘सशर्त’ आणि ‘कायम’ हे शब्द शेजारी बसवलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आलं होतं. कार्डाची मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायको दोघांनी मिळून फॉर्म आय-७५१ भरायचा, सोबत लग्न खरं असल्याचे पुरावे जोडायचे आणि शर्त काढून टाका अशी विनंती करायची. अर्ज पोचल्याची पावती येते. मग वाट बघायची.

ही वाट बघण्याची मुदतच मला विचार करायला लावते. पावतीच्या पत्रावर लिहिलेलं असतं की तुमच्या कार्डाची मुदत इतके महिने वाढवली आहे. एके काळी ही वाढ बारा महिन्यांची असे. २०१८ मध्ये ती अठरा महिन्यांची झाली, २०२१ मध्ये चोवीस आणि २०२३ मध्ये अठ्ठेचाळीस. म्हणजे लग्न खरं आहे की नाही हे पारखण्यासाठी कायद्यानं ठेवलेला काळ दोन वर्षांचा, आणि त्या पारखीचा निकाल यायला लागू शकणारा काळ म्हणून खात्यानंच धरलेला अंदाज चार वर्षांचा. परीक्षेपेक्षा निकालाची वाट दुप्पट लांब.

या काळात माणसानं जगायचं कसं? भाडं, विमा, किराणा, गावी पाठवायचे पैसे हे काही निकालासाठी थांबत नाहीत. काम करावं लागतं. आणि इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. शर्त असलेल्या रहिवाशाला इतर कायम रहिवाशांचे सगळे हक्क असतात, नोकरीचाही. अर्ज प्रलंबित आहे म्हणून तो हक्क स्थगित होत नाही. वेगळा परवाना काढावा लागत नाही. मुदत संपलेलं कार्ड आणि मुदत वाढवणारं पत्र एकत्र दाखवलं की झालं.

कायद्यात हे असं आहे. काउंटरवर काय होतं ते पुढे सांगते. त्याआधी संशयाबद्दल बोलायला हवं, कारण तो अगदीच निराधार आहे असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

संशय कुठून आला

कागदासाठी केलेली लग्नं असतात. आपल्याकडेही ‘तिकडचं स्थळ’ म्हटल्यावर कुणाचे डोळे कशासाठी चमकतात हे आपल्याला माहीत आहे. पैसे देऊन लग्न करणारे असतात आणि खऱ्या प्रेमाचं सोंग करून नागरिक जोडीदाराला फसवणारेही असतात. लग्नाच्या नात्यावर देशाचा दरवाजा उघडत असेल, तर ते नातं तपासण्याचा त्या देशाला काहीच अधिकार नाही असं मला वाटत नाही.

पण संशयाचा आकार किती असावा, हा प्रश्न उरतोच. १९८५ साली अमेरिकी सिनेटसमोरच्या सुनावणीत इमिग्रेशन खात्यानं सांगितलं की अशा लग्नांपैकी सुमारे ३० टक्के लग्नं संशयास्पद असावीत. पुढच्या वर्षी, १० नोव्हेंबर १९८६ रोजी, लग्नातल्या फसवणुकीविरुद्धचा कायदा झाला. दोन वर्षांची शर्त त्यातून आली. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, हेही त्यातूनच आलं. त्या ३० टक्क्यांमागची पाहणी सांख्यिकीच्या दृष्टीनं ग्राह्य नव्हती, हे नंतर उघड झालं. आकडा गळून पडला, कायदा राहिला. संशयाचं असंच असतं. त्याचं कारण नाहीसं झालं तरी त्याची यंत्रणा चालू राहते.

आता ही यंत्रणा नक्की काय शोधते? प्रेम शोधत नाही. १९७५ साली बार्क नावाच्या एका खटल्यात तिथल्या नवव्या विभागीय अपील न्यायालयानं फार समजूतदार निकाल दिला होता. लग्न करताना दोघांचा एकत्र आयुष्य उभारायचा इरादा होता का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे; नागरिकांच्या लग्नांपेक्षा परदेशी माणसाचं लग्न अधिक चाकोरीतलं किंवा अधिक यशस्वी असलं पाहिजे अशी अट घालता येणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे भांडायला परवानगी आहे. नवरा सोफ्यावर झोपायला जाऊ शकतो. लग्न मोडूही शकतं, आणि तरीही ते खरं असू शकतं.

इरादा मात्र डोळ्यांना दिसत नाही. मग त्याच्या जागी कागद येतात: दोघांच्या नावाचं बँक खातं, भाडेकरार, विमा, एकत्र भरलेला टॅक्स, ओळखीच्या लोकांची प्रतिज्ञापत्रं, फोटो. आमच्या बाबतीत गंमत अशी की आम्ही सासू-सासऱ्यांच्या घरात तळमजल्यावर राहतो. घर सासऱ्यांच्या नावावर, विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर, इंटरनेट दिराच्या नावावर. भाडं नाही म्हणून करार नाही. साताऱ्यात कुणी म्हणेल, सासरी राहते यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? पण तिथे आमच्या एकत्र राहण्यातून कागदच निघत नव्हता. नोकरी असलेलं, स्वतंत्र घर घेतलेलं, दोन गाड्यांचे हप्ते भरणारं जोडपं फाइल सहज जाड करतं. गरीब जोडप्याचं, किंवा आपल्यासारख्या एकत्र कुटुंबातल्या जोडप्याचं लग्न तेवढंच खरं असतं, पण त्याचा कागद पातळ असतो. पुरावा मागणाऱ्याच्या मनात नसेलही, पण पुराव्यात वर्ग आपोआप येतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पुरावा लागणार हे माहीत असलं की माणूस पुराव्यासाठी जगू लागतो. गणपतीच्या आरतीला सासूबाई सहज म्हणाल्या, ‘‘दोघं नीट उभे राहा गं, फाइलला होईल.’’ त्यांचा हेतू चांगला होता आणि फोटोही सुंदर आला. पण त्या क्षणी मी आरती म्हणत होते की आरती म्हणणारी सून दाखवत होते? वकिलानं सांगितलं म्हणून आम्ही जोडखातं उघडलं. मग ते खातं खोटं का? मला तसं वाटत नाही. माणूस खऱ्या गोष्टीही मिश्र कारणांनी करतो. आजारी आत्याला भेटायला जाताना ‘लोक काय म्हणतील’ हेही मनात असतं, म्हणून भेट खोटी होत नाही. तरीही इतकं खरं आहे की आपल्या लग्नांना पूर्वीपासून साक्ष लागते, आणि साक्ष वेगळी, पुरावा वेगळा. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक आपल्यासोबत उभे असतात. फाइल समोर उभी असते.

‘तोवर’ नावाची भूमिका

माझा मूळ प्रश्न हा आहे: संशय घेण्याचा अधिकार राज्याला आहे हे मान्य केलं, तर तो संशय फिटेपर्यंतच्या काळाची किंमत कुणी भरायची?

दोन उत्तरं शक्य आहेत. एक, निकाल लागेतोवर तुमचं म्हणणं खोटं धरू आणि तुम्ही थांबा. दोन, निकाल लागेतोवर तुमचं म्हणणं खरं धरू आणि तुम्ही जगत राहा. सशर्त रहिवाशांच्या बाबतीत अमेरिकी कायद्यानं दुसरं उत्तर निवडलं आहे. अर्जावर निर्णय होईपर्यंत तुमचा दर्जा टिकतो, आणि दर्जा टिकतो म्हणून कामाचा हक्क टिकतो. ही कारकुनी सोय वाटते, पण मला ती नैतिक भूमिका वाटते. ज्याला शंका आहे त्यानं शंका फेडायला हवा तितका वेळ घ्यावा. पण त्या वेळाचं बिल शंका घेतलेल्या माणसाच्या चुलीवर पाठवू नये.

याची किंमत कळायला माझे आजोबा आठवावे लागतात. ते निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरात धुतलेला सदरा घालून बँकेत जायचे आणि हयातीचा दाखला द्यायचे. जिवंत माणसानं जिवंत असल्याचं लेखी द्यायचं यावर घरात दर वर्षी तोच विनोद व्हायचा. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. माणूस पारावर बसून पेपर वाचत असतो, पण खात्याच्या दृष्टीनं त्याचं जगणं स्थगित. अर्थात नंतर दाखला दिला की थांबलेली रक्कम थकबाकीसकट मिळते. तिथे पहिलं उत्तर आहे, पण निदान भरपाईची सोय आहे. माझ्या बाबतीत कायद्याचं उत्तर दुसरं, जास्त उदार. आणि तरीही मला नऊ दिवस घरी बसावं लागलं.

नऊ दिवस

नवी नोकरी लागली होती, एका कंपनीच्या हिशेब विभागात. अमेरिकेत कुणालाही कामावर घेताना फॉर्म आय-९ भरतात. पहिल्या दिवसापर्यंत कर्मचारी आपला दर्जा लिहून सही करतो, आणि तीन कामकाजी दिवसांत मालकाच्या माणसानं मूळ कागद बघून सही करायची असते. कोणते कागद चालतात याच्या याद्या ठरलेल्या आहेत आणि त्यातले कोणते दाखवायचे हे निवडण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा असतो. मी ‘कायम रहिवासी’ या चौकटीत खूण केली, कारण कायद्यानं मी ती आहे. कार्ड आणि पत्र पुढे ठेवलं.

एचआरमधल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. ‘‘हे संपलेलं आहे.’’ मी पत्र दाखवलं. ‘‘हे पत्र आहे, कार्ड नाही.’’ मी ड्रायव्हिंग लायसन्स आणि कसलंही बंधन न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड काढलं. एखाद्या अमेरिकन मुलानं हेच दोन कागद दिले असते तर त्यांनी पुढचं पान उलटलं असतं. मला म्हणाल्या, ‘‘पण तुम्ही तर कायम रहिवासी लिहिलंय. मग नवं कार्ड आणा.’’ नवं कार्ड निर्णय झाल्यावर येणार, निर्णय कधी होणार ते मी सांगू शकत नव्हते. तोवर कामावर येऊ नका, असं ठरलं.

त्या बाईंवर राग काढणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. त्या दोन भीतींच्या मध्ये उभ्या होत्या. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी, म्हणजे लग्नाच्या कायद्याच्या अवघे चार दिवस आधी, अमेरिकेनं दुसरा एक कायदा केला. ज्याला कामाचा हक्क नाही अशा माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला त्यानं दंड लावला. आय-९ फॉर्म तिथून आला. त्याआधी कागद तपासणं हे सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याचं काम होतं. त्या आठवड्यानंतर ते हॉटेलच्या मॅनेजरचं, कारखान्याच्या कारकुनाचं आणि आमच्या एचआर बाईंचंही झालं. म्हणजे एकाच आठवड्यात राज्यानं आपला संशय दोन ठिकाणी वाटून दिला, एक घरात आणि एक ऑफिसात. ज्याला तो वाटला गेला त्याला प्रशिक्षण फारसं मिळालं नाही, दंडाची भीती मात्र पुरेपूर मिळाली.

भित्रा माणूस नेहमी जास्तीचा कागद मागतो. यात त्याचं काही जात नाही, समोरच्याचं जातं. १९९० साली अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयानं अहवाल दिला की या दंडांमुळे परदेशी दिसणाऱ्या किंवा वाटणाऱ्या लोकांशी मालक मोठ्या प्रमाणावर भेदभाव करू लागले आहेत. त्याच वर्षी कायद्यात भर पडली, की जास्तीचे किंवा ठरावीकच कागद मागणं आणि वरवर खरे दिसणारे कागद नाकारणं हाही बेकायदा भेदभाव समजला जाईल. पुढे १९९६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता असं करण्यामागे भेदभावाचा हेतू होता हे दाखवावं लागतं.

इथे मी थबकले. माझ्या लग्नामागचा इरादा सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर. आणि मला कामावर न घेण्यामागचा दुसऱ्याचा इरादा सिद्ध करायची जबाबदारीही माझ्यावरच! इरादा कुणाच्याच कपाळावर लिहिलेला नसतो. मग तो शोधून दाखवायचं ओझं दोन्ही वेळा त्याच माणसाच्या डोक्यावर का यावं? नागरिकाचा इरादा चांगला धरला जातो, माझा इरादा तपासला जातो. समतेबद्दलची सगळी चर्चा मला या एका वाक्यात आलेली दिसते.

अमेरिकेच्या न्याय खात्यात स्थलांतरित कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी वेगळा विभाग आहे. त्याची हेल्पलाइन कर्मचारी आणि मालक दोघांसाठी असते. मी सरकारच्या मार्गदर्शिकेतली पानं छापून बाईंना दिली, त्यांनी स्वतः फोन करून खात्री केली आणि दहाव्या दिवशी मी कामावर गेले. नऊ दिवसांचा पगार गेला. तक्रारीला एकशे ऐंशी दिवसांची मुदत असते आणि बुडालेला पगार मागता येतो. पण ज्या खुर्चीवर बसायला नऊ दिवस लागले, तिच्यावर बसून पहिल्याच आठवड्यात तक्रार कोण लिहितं? मी ती केली नाही. एकच मागितलं: ती छापलेली पानं तुमच्या फाइलमध्ये ठेवा, पुढच्या माणसासाठी. बाईंनी ती ठेवली, आणि पहिल्या पानावर पिवळी चिठ्ठीही लावली.

अंगठी आणि कोळी

त्या नऊ दिवसांत मला शकुंतला आठवत राहिली. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. गांधर्वविवाह झालेला, ना मंडप ना वऱ्हाड. दरबारात ती उभी राहते तेव्हा शापामुळे राजाला काही आठवत नाही, आणि खूण म्हणून दिलेली अंगठी नदीत पडलेली असते. राजा दुष्ट नाही. तो म्हणतो, ओळख पटत नसताना मी स्वीकारू कसा? आपल्या जागी तो बरोबरच आहे. लग्न खरं आहे, बाई खरी आहे, पोटातलं मूल खरं आहे, फक्त अंगठी नाही. आणि तिच्यासाठी ‘तोवर’ कुणी ठेवलेला नाही. पुरोहित तिला मूल होईपर्यंत आपल्या घरी ठेवू म्हणतो, ते ‘तोवर’ संशयितासाठीचं आहे, पत्नीसाठीचं नाही.

पण मला शकुंतलेपेक्षा त्या नाटकातला कोळी जवळचा वाटू लागला. माशाच्या पोटात अंगठी सापडते, तो ती विकायला नेतो आणि शिपाई त्याला चोर म्हणून पकडतात. वर त्याच्या धंद्याची टिंगल करतात. तो आपल्या कामाची बाजू मांडतो. ज्याच्या हातात खरा पुरावा आहे, तोच संशयित! कारण अशा माणसाच्या हातात अशी वस्तू असेल हे शिपायांच्या डोक्यात बसत नाही. पुढे राजाकडून अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस येतं आणि तेच शिपाई त्याचे दोस्त होतात. अंगठी तीच आणि कोळीही तोच. बदलला तो वरून आलेला शब्द.

कागदाचंही असंच आहे. माझं पत्र पहिल्या दिवशी जितकं खरं होतं तितकंच दहाव्या दिवशी. मधे फक्त एक फोन झाला.

सही कुणाच्या हातात

आतापर्यंत मी ऑफिसातल्या संशयाबद्दल बोलले. घरात वाटला गेलेला संशय जास्त धोक्याचा आहे. फॉर्म दोघांनी भरायचा असतो. घर नीट चालत असेल तर ही एक सही आहे. चालत नसेल तर ती सही म्हणजे दोरी होते.

माझ्या ओळखीतली एक मुलगी प्रत्येक भांडणानंतर एकच वाक्य ऐकायची: ‘‘मी सही करणार नाही, मग बघ.’’ तिची नोकरी चांगली होती, पगार नवऱ्यापेक्षा जास्त होता. पण तिला वाटायचं की आपली नोकरी त्या सहीवर टांगलेली आहे. म्हणून ती गप्प बसायची. हात उगारला तेव्हाही. राज्यानं खोटी लग्नं पकडायला शर्त घातली आणि एका खऱ्या लग्नात ती चाबूक म्हणून वापरली गेली.

१९९० च्या त्याच कायद्यानं इथेही दुरुस्ती केली. मारहाण किंवा अतोनात क्रौर्य सोसणाऱ्या जोडीदाराला एकट्यानं अर्ज करता येतो, घटस्फोट झालेला नसला तरी. घटस्फोट झाला असेल तर लग्न प्रामाणिक इराद्यानं केलं होतं हे दाखवून एकट्यानं अर्ज करता येतो. या अर्जाचीही पावती येते, मुदत वाढते, आणि निकाल लागेतोवर काम चालू राहतं. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. कळलं त्या दिवशी ती लगेच घर सोडून गेली नाही. पण त्या वाक्याला घाबरणं तिनं बंद केलं, आणि तिथून बाकीचं सुरू झालं. हक्क असणं आणि हक्क आहे हे माहीत असणं यांच्यामध्ये जी जागा असते, तिथे कुणीतरी नेहमी चाबूक घेऊन उभं असतं.

पुस्तकातला हक्क

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संवैधानिक नीतिमत्तेबद्दल जे सांगितलं, त्यातला एक मुद्दा मला इथे लागू पडतो. संविधानाच्या रूपाला हात न लावता, नुसता प्रशासनाचा प्रकार बदलूनही त्याचा आत्मा बिघडवता येतो, असं ते म्हणाले होते. म्हणून प्रशासनाचे तपशीलसुद्धा संविधानात असावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. विद्यार्थी असताना हे कोरडं वाटलं होतं. आता कळतं की हक्क कायद्यात राहत असला तरी तो मिळतो किंवा मिळत नाही तो काउंटरवर. तिथे बसलेला माणूस घाबरलेला आहे की माहीतगार, यावर माझ्या घरातला किराणा ठरतो.

आणि ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. पुण्यात भाड्यानं फ्लॅट बघायला गेलेल्या जोडप्याला ‘लग्नाचं सर्टिफिकेट आहे का?’ असं विचारणारा सोसायटीचा सेक्रेटरी तुम्हाला भेटला असेल. जातपडताळणीची पावती हातात घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिलेला मित्र तुमच्या वर्गात असेल. दर वेळी प्रश्न तोच असतो. कागद यायचाय, माणूस आलाय. तोवर माणसाला आत घ्यायचं की बाहेर उभं करायचं?

मला वाटतं, संशय घेणाऱ्यावर तीन गोष्टी बंधनकारक असाव्यात. संशयाला मुदत असावी. ती मुदत संपेपर्यंत समोरच्याचं म्हणणं खरं धरून त्याला जगू द्यावं. आणि हे ‘खरं धरणं’ त्याच्या हातात अशा स्वरूपात द्यावं, की ते बघून कुठल्याही कारकुनाला फोन करावा लागू नये. पहिली गोष्ट अमेरिकेला जमलेली नाही, दुसरी जमली आहे, तिसरी अर्धवट.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठल्या ना कुठल्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेले असतील. बँकेत, एचआरमध्ये, शाळेच्या ऑफिसात, सोसायटीच्या कमिटीवर. कुणीतरी मुदत संपलेलं कार्ड आणि घडी घालून मऊ झालेलं पत्र तुमच्यापुढे ठेवेल. त्या वेळी ‘नवं आणा’ म्हणायला दोन सेकंद लागतील आणि पत्र वाचायला दोन मिनिटं. ते पत्र आधी पूर्ण वाचा.